घरी मराठी, सकाळी हिब्रू, दुपारी इंग्लिश: पहिलीत जाणाऱ्या मुलाच्या आईबाबांना

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मला नीट कळलाय ना ते बघायला आधी थोडक्यात परत मांडते. तुम्ही दोघं ठाण्याचे बेने इस्रायल, म्हणजे आपले मराठी बोलणारे कोकणातले ज्यू, ३ वर्षांपूर्वी न्यू जर्सीत आलात, मुलगा ६ वर्षांचा, सप्टेंबरपासून ज्यूइश डे स्कूलमध्ये पहिलीत जाणार. तिथे अर्धा दिवस हिब्रू, तोरा (आपला मुख्य धर्मग्रंथ), प्रार्थना आणि अर्धा दिवस इंग्लिश, गणित, सायन्स. घरी पूर्ण मराठी, ठाण्याच्या आजीशी रोज व्हिडिओ कॉल. किंडरगार्टनच्या टीचरने वर्ष संपताना सांगितलं की तीन भाषांचा लोड येतोय, निदान पहिलीचं वर्ष तरी घरी इंग्लिश बोला. आणि आता तुम्ही दोघं विचारताय की मराठी बंद करायची का, की डे स्कूलचा नाद सोडून सरळ पब्लिक स्कूलमध्ये, म्हणजे इथल्या सरकारी शाळेत, घालायचं.

मी पण ठाण्यातच वाढले. गेली १७ वर्षं न्यू जर्सीतल्या एका डे स्कूलमध्ये पहिली-दुसरीला शिकवतेय, त्यातली पहिली ८ वर्षं इंग्लिश आणि गणित, नंतर हिब्रू वाचन. म्हणजे एकाच दिवसाचे दोन्ही अर्धे मी शिकवलेत. माझं मत आधीच सांगून टाकते: मराठी बंद करू नका. पण नुसतं एवढं सांगून भागणार नाही, कारण टीचरला काहीतरी खटकलंय हे खरं असू शकतं, फक्त त्याचं कारण मराठी आहे असं मला वाटत नाही.

आधी उजवी-डावीचं घेऊ, म्हणजे हिब्रू उजवीकडून डावीकडे लिहितात ते, कारण सगळ्या पालकांना पहिली भीती तीच असते आणि माझ्या अनुभवात ती सगळ्यात लवकर जाते. वर्षाच्या सुरुवातीला मी हिब्रूच्या प्रत्येक वहीला वरच्या उजव्या कोपऱ्यात एक हिरवा गोल स्टिकर लावते. इंग्लिशची वही जिथे संपते तिथे हिब्रूची सुरू होते, म्हणजे आपल्या दृष्टीने मागचं पान हे पहिलं पान. एक मुलगी आठवते, ती पहिले दोन-तीन आठवडे बोट डाव्या कोपऱ्यात ठेवायची, मग माझ्या चेहऱ्याकडे बघायची, आणि काही न बोलता बोट सरकवत सरकवत हिरव्या ठिपक्यावर आणायची. थंडी पडेपर्यंत तो स्टिकर तिने स्वतःच काढून दप्तराला चिकटवला होता. मुलं दिशा पटकन पकडतात, कारण अक्षरंच इतकी वेगळी दिसतात की कुठून सुरू करायचं ते पान बघूनच कळतं. इंग्लिशमधली बी आणि डी ही अक्षरं उलटसुलट होणं, आकडा उलटा काढणं हे सात वर्षांपर्यंतच्या मुलांमध्ये सर्रास दिसतं, एकच भाषा शिकणाऱ्यांमध्येसुद्धा. त्याचा दोष हिब्रूला देऊ नका.

आता खरी गोम. पहिलीत तुमचा मुलगा दोन अगदी वेगळ्या प्रकारचं वाचन शिकणार आहे आणि दोन्हींचा वेग वेगळा असणार, हे आधी माहीत नसलं की फेब्रुवारीत घरात घबराट होते.

हिब्रूत अक्षरं २२, त्यातली पाच शब्दाच्या शेवटी आली की रूप बदलतात. स्वर अक्षराच्या खाली, वर किंवा बाजूला टिंबा-रेघांनी दाखवतात, त्याला निकूद म्हणतात. आता हे तुम्हाला कशासारखं वाटतंय? आपल्या बाराखडीसारखंच ना! बेत या अक्षराखाली आडवी रेघ की बा, शेजारी शेजारी दोन टिंबं की बे, एक टिंब की बी, तिरकी तीन टिंबं की बू, डोक्यावर डाव्या बाजूला टिंब की बो. मी वर्गात हे तालावर म्हणून घेते, आणि दर वेळी मला माझ्या शाळेतली बाराखडी आठवते. इंग्लिश घरातल्या मुलांना अक्षर आणि त्याला चिकटलेली खूण ही कल्पनाच नवीन असते, त्यांना सवय एका ओळीत सुटी सुटी अक्षरं बघायची. ज्या मुलाने घरी 'का कि की कु' नुसतं तोंडी जरी म्हटलंय त्याच्या कानाला हे आधीच ओळखीचं असतं.

अजून एक गंमत सांगते. हिब्रूत त्सादी नावाचं अक्षर आहे, त्याचा उच्चार आपल्या चमच्यातल्या च सारखा. त्सेदाका, म्हणजे दानधर्म, हा शब्द रोज लागतो कारण वर्गात त्सेदाकाचा डबा असतो आणि मुलं त्यात नाणी टाकतात. अमेरिकन मुलं महिनोन् महिने 'सेदाका' म्हणतात, शब्दाच्या सुरुवातीला तो आवाज त्यांच्या जिभेवर बसतच नाही. तुमचा मुलगा चमचा, चाक, चूल म्हणतच मोठा झालाय, त्याला तो फुकट मिळालाय. मराठी असा उघड हातभार लावते.

तर निकूद असलेलं हिब्रू हे लिहिल्याप्रमाणे वाचायचं, नियम थोडे आणि पक्के. अडखळायची ठिकाणं ठरलेली: बेत आणि काफ, ज्यात फरक फक्त खालच्या कोपऱ्याच्या टोकाचा, आणि दालेत आणि रेश, ज्यात फरक वरच्या कोपऱ्याचा, एकाचा टोकदार आणि दुसऱ्याचा गोल. शिवाय पोटात टिंब असलं की बेतचा ब आणि नसलं की व. एवढं सावरलं की बरीचशी मुलं पहिलीच्या अखेरीस सिदूर, म्हणजे प्रार्थनेचं पुस्तक, हळूहळू पण बरोबर वाचतात. इंग्लिशचं तसं नाही, तिथे एकाच अक्षराचे चार आवाज आणि एकाच आवाजाची पाच स्पेलिंगं, त्यामुळे ते वाचन जमायला दोन-तीन वर्षं लागतात, आणि हे फक्त इंग्लिश घरातल्या मुलांनाही लागतात. मग काय होतं, फेब्रुवारीत मुलगा हिब्रूचं पान धडाधड वाचतो आणि इंग्लिशच्या गोष्टीत दर ओळीला अडतो, आणि पालक म्हणतात की हिब्रूने इंग्लिश खाल्लं. तसं नसतं, एक रस्ता सपाट आहे आणि दुसरा घाटाचा.

पण धडाधड वाचणं म्हणजे समजणं नाही, आणि माझ्या मते काळजी करायची ती इथे. आमच्याकडे वाचनाला क्रिआ म्हणतात आणि समजण्याला हवाना, आणि पहिलीत या दोघांमधली दरी मोठी असते. मूल पूर्ण प्रार्थना वाचतं पण त्यातले सहा-सात शब्दच त्याला कळलेले असतात. इंग्लिशमध्ये अक्षरं जुळवून शब्द उच्चारता येतो, पण तो शब्दच कधी ऐकलेला नसला तर अर्थ लागत नाही. मग समज येते कुठून? ती येते घरातल्या बोलण्यातून, मोठी माणसं ज्या भाषेत कारणं देतात, भांडण सोडवतात, गोष्ट रंगवून सांगतात तिथून. ती भाषा तुमच्या घरी मराठी आहे.

याचं एक उदाहरण. पुरीम हा एस्तेर राणीने ज्यूंना वाचवल्याचा सण, त्याच्या आधी मी तिची गोष्ट हिब्रूत सांगते, हातात बाहुल्या घेऊन, एकही इंग्लिश शब्द न वापरता. ज्या मुलाला घरी कुठल्याही भाषेत ही गोष्ट कोणी नीट सांगितलीय, राजाने मेजवानी का दिली, मोर्दखय वाकला का नाही, एस्तेर घाबरली होती तरी राजाकडे का गेली, ते मूल माझ्या तोंडून 'मल्का' ऐकलं की राणी हे स्वतःच जुळवतं. ज्याला गोष्टच माहीत नाही त्याला बाहुल्या दिसतात आणि आवाज ऐकू येतात. एका वर्षी घरी फार्सी बोलणारा एक मुलगा वर्गात सगळ्यात पुढे होता तो याच कारणाने, त्याच्या आजोबांनी गोष्ट तीनदा सांगितली होती.

आता माझ्या हातून झालेली चूक सांगते, कारण तुमच्या टीचरने जे सांगितलं तेच मी एकदा सांगितलेलं आहे. मला शिकवायला लागून तिसरं वर्ष होतं. वर्गात एक रशियन बोलणारं कुटुंब होतं, मुलगा शांत, इंग्लिश कच्चं. मी मीटिंगमध्ये त्याच्या आईला म्हटलं, घरी इंग्लिश बोला. ती बिचारी खरंच बोलायला लागली. पण तिचं इंग्लिश कामापुरतं होतं, त्यामुळे घरातलं बोलणं आटलं, जेव, झोप, होमवर्क कर एवढंच उरलं. आजी त्यांच्याकडेच राहायची, तिला इंग्लिश येतच नव्हतं, ती गप्प झाली. एप्रिलमध्ये त्या मुलाचं इंग्लिश वाचन होतं तिथेच होतं, आणि आईने मला विचारलं की आता तो आजीला उत्तर इंग्लिशमध्ये देतो आणि तिला ते कळत नाही, तर मी काय करू. माझ्याकडे तिला द्यायला उत्तर नव्हतं. त्यानंतर मी हा सल्ला कोणालाही दिलेला नाही. स्पीच थेरपिस्ट मंडळीही आता हेच सांगतात की घरात दुसरी भाषा असण्याने भाषेचा दोष तयार होत नाही, आणि आईवडलांनी जी भाषा सगळ्यात चांगली येते ती भरपूर बोलावी.

आता परिस्थितीवर काय काय अवलंबून आहे ते. पहिलं म्हणजे शाळा कुठल्या पद्धतीची. काही डे स्कूल हिब्रू हिब्रूतूनच शिकवतात, त्याला इव्रित ब'इव्रित म्हणतात. तिथे तुमचा मुलगा आणि बाजूचा अमेरिकन मुलगा एकाच रेषेवर उभे असतात, दोघांनाही येत नाही, त्यामुळे तुमचं काही नुकसान नाही. काही शाळांत, जास्त करून ऑर्थोडॉक्स, म्हणजे धर्माचे नियम काटेकोर पाळणाऱ्या बाजूला, तोराचा प्रत्येक शब्द घेऊन त्याचं इंग्लिश भाषांतर पाठ करवतात, आणि दुसरीत खुमाश, म्हणजे तोराचं छापील पुस्तक, सुरू झालं की ते वाढतं. तिथे इंग्लिश कच्चं असलं तर मुलाला दोनदा ओझं, आधी इंग्लिश शब्द कळायला हवा आणि मग त्यातून हिब्रू. तुमची शाळा यातली कुठली हे आधी विचारा.

दुसरं, आणि मला हे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, सकाळची मोरा आणि दुपारची टीचर एकमेकींशी बोलतात का. मोरा म्हणजे हिब्रूच्या बाई. डे स्कूलमध्ये एकाच मुलाला दोन वर्गशिक्षिका असतात, दोघींना अर्धा अर्धा मुलगा दिसतो. मी स्वतः बघितलंय की हिब्रूत अडलेल्या मुलाबद्दल मोरा म्हणते घरी हिब्रू नाही म्हणून, आणि इंग्लिशमध्ये अडलेल्या त्याच मुलाबद्दल टीचर म्हणते घरी इंग्लिश नाही म्हणून, आणि दोघींनी कागद शेजारी ठेवून बघितलेच नाहीत. मूल फक्त इंग्लिशमध्ये मागे असेल आणि हिब्रूत बरं चाललं असेल तर बहुतेक वेळा प्रश्न इंग्लिश शब्दसंपत्तीचा आणि वेळेचा. दोन्हीकडे अडत असेल, अक्षर-आवाज जुळतच नसतील, तर भाषा कितीही असोत, वाचनाची खरी अडचण असू शकते आणि तपासणी लवकर करून घ्यावी. मराठी बंद केल्याने ती अडचण जात नाही, उलट ती ओळखायचं एक साधन मात्र हातातून जातं.

कसं ते बघा. आज रात्री झोपताना खेळ म्हणून विचारा: कावळा, कासव, मांजर, यातलं सुरुवातीला वेगळं कोण? कमळ मधला क काढला तर काय उरलं? 'पाणी'शी जुळणारा शब्द सांग. कागद-पेन काढू नका, परीक्षा वाटू देऊ नका. मराठीत हे सहज जमत असेल तर त्याचा कान तयार आहे, इंग्लिशमध्ये तेच यायला फक्त सराव आणि शब्द लागतील. मराठीतही, म्हणजे त्याच्या सगळ्यात पक्क्या भाषेत, हे परत परत अडत असेल तर ती गोष्ट शाळेला जरूर सांगा. कोणी टेस्टिंग करणार असेल तर घरी मराठी आहे हे आधीच सांगून फॉर्मवर लिहून घ्या.

मदतीबद्दल बऱ्याच जणांना माहीत नसतं म्हणून लिहिते. न्यू जर्सीत खाजगी शाळेतल्या मुलांनाही सरकारी पैशातून काही सेवा मिळतात, त्यांना आमच्याकडे सगळे चॅप्टर १९२ आणि चॅप्टर १९३ म्हणतात. १९२ मध्ये इंग्लिश दुसरी भाषा म्हणून शिकवणं आणि मागे पडलेल्या मुलांसाठी जादा वाचन-गणित येतं, १९३ मध्ये तपासणी, स्पीच थेरपी वगैरे. शिकवणारी बाई बऱ्याचदा शाळेतच येते. पण पालकांचा अर्ज लागतो आणि तो वर्षाच्या सुरुवातीला भरलेला बरा. ऑफिसमध्ये हे दोन आकडे सांगितलेत की त्यांना लगेच कळेल.

आणि हो, ऑक्टोबरमध्ये काहीही निष्कर्ष काढू नका. डे स्कूलचं वर्ष सुरू होतं न होतं तोच तिश्री हा सणांचा महिना येतो, रोश हशाना, योम किप्पुर, सुक्कोत, सिमखत तोरा, शाळा दोन दिवस चालू आणि तीन दिवस बंद. किंडरगार्टनमधून आलेल्या मुलाची घडी बसतच नाही. आमच्या शाळेत खरी पहिली सुक्कोतनंतर सुरू होते असं आम्ही आपसात म्हणतो. मी पहिलं पक्कं मत जानेवारीत देते. हिवाळ्यात शुक्रवारी शाळा लवकर सुटते कारण डिसेंबरमध्ये इथे साडेचारलाच सूर्य मावळतो आणि त्याआधी सगळ्यांना शब्बाथसाठी, म्हणजे शुक्रवार संध्याकाळपासूनच्या विश्रांतीच्या दिवसासाठी, घरी पोचायचं असतं, तेव्हा तुमच्या ऑफिसच्या वेळा आत्ताच बघून ठेवा.

घरी रोज काय करायचं? हिब्रूला दहा मिनिटं, त्याहून जास्त नको, बोट ठेवून मोठ्याने, आणि दमला की थांबा. इंग्लिशसाठी लायब्ररीतून चित्रांची पुस्तकं आणा, तुम्ही इंग्लिशमध्ये वाचून दाखवा आणि त्याबद्दल गप्पा मराठीत मारा. हे विचित्र वाटेल, पण ससा का रडला यावर मुलगा मराठीत चार वाक्यं बोलेल आणि इंग्लिशमध्ये एक शब्द, आणि विचार करायची सवय त्या चार वाक्यांतून लागते. देवनागरी लिहायला शिकवायची घाई मात्र या वर्षी मी करणार नाही. तो आधीच वाचत असेल तर थांबवू नका, नसेल तर दुसरीच्या मध्यापर्यंत थांबा, कारण हिब्रूतच दोन प्रकारची अक्षरं असतात, छापील आणि हाताने लिहायची, आणि त्याच्या छोट्या बोटांना तेवढं पुरे. बाराखडी तोंडी म्हणायला काहीच हरकत नाही.

एका गोष्टीची आधीच तयारी ठेवा. थोड्याच दिवसांत मुलगा घरी येऊन म्हणेल, बाबा तुम्ही चुकीचं म्हणता, शब्बाथ नाही, शब्बात. आपल्या सिनेगॉगमधला उच्चार वेगळा, शाळेतला इस्रायली वेगळा, आणि वर्गातल्या काही मुलांच्या घरी शब्बोस. बाबांनी लगेच स्वतःचा उच्चार बदलू नये. त्याला सांगा की शाळेत शाळेसारखं वाच आणि घरी किद्दुशला, म्हणजे शब्बाथच्या द्राक्षरसावरच्या प्रार्थनेला, आपल्यासारखं, तेही बरोबरच आहे. माझ्या वर्गात मी तिन्ही उच्चार फळ्यावर लिहून ठेवते, म्हणजे कोणाच्या घरचं कोणी चुकीचं ठरवत नाही.

आजीचा कॉल तर अजिबात कमी करू नका, उलट तिला काम द्या. आपल्याकडे योम किप्पुरला दारफाळणीचा सण म्हणायचे आणि रोश हशानाला नव्याचा सण, हे शब्द आजीकडून त्याला मिळू देत. ते का म्हणायचे हे तिला विचारायला लावा. मी एकदा वर्गात मलिदा केला होता, घरून काही न आणता, शाळेच्या चालीप्रमाणे कोशर (ज्यू आहारनियमांत बसणाऱ्या) शिक्क्याचे बंद पाकिटातले पोहे, खोबरं आणि साखर घेऊन, वर फळं, आणि एलियाहू हानाबीचं नाव घेऊन कसा वाटतात ते सांगितलं. तो प्रेषित मुलांना पेसाह सणाला त्याच्यासाठी ठेवतात त्या पेल्यामुळे माहीत होताच, पण त्याच्या नावाने कोकणात पोहे वाटतात हे ऐकून पुढचे कितीतरी दिवस प्रश्न येत राहिले. तुमचा मुलगा असं काही वर्गात सांगू शकला तर तो कमी इंग्लिश येणारा मुलगा म्हणून ओळखला जाणार नाही. टिफिनचं तेवढं विचारून घ्या, बऱ्याच शाळांत मटण-चिकन आणि शेंगदाणे चालत नाहीत.

पब्लिक स्कूलचं म्हणाल तर त्याला मी सरसकट नको म्हणणार नाही. फी झेपत नसेल तर मदतीचा अर्ज जरूर करा, तो मागण्यात कमीपणा नाही, पण घर कर्जात घालू नका. आणि तपासणीत मोठी अडचण निघाली, रोज स्पेशल टीचर लागेल अशी, तर पब्लिक स्कूलवर कायद्याने जेवढं बंधन आहे तेवढं खाजगी शाळेवर नसतं, तिथे पब्लिकचं पारडं जड. मग हिब्रूसाठी रविवारची शाळा आणि घर. पण नुसतं घरी मराठी आहे म्हणून डे स्कूल सोडणं, हे कारण मला पटत नाही.

किंडरगार्टनच्या टीचरला वाईट वाटेल असं काही बोलू नका, ती काळजीपोटीच बोललीय. पहिलीच्या सुरुवातीच्याच भेटीत तिथल्या मोरा आणि टीचर दोघींना एकत्र दहा मिनिटं मागा आणि एवढंच विचारा: तो हिब्रूत कुठे अडतो, इंग्लिशमध्ये कुठे अडतो, आणि ती अडण्याची जागा एकच आहे का. मराठीत खेळून काय दिसलं ते तुम्ही सांगा. या भेटीनंतर इथे परत लिहा, मी नक्की उत्तर देईन.

आणि पहिलीत सिदूर पार्टी असते, मुलं गाणी म्हणतात आणि प्रत्येकाला स्वतःचं नाव घातलेला सिदूर मिळतो. तारीख कळली की आजीला लगेच कळवा आणि कॉलवर घ्या. इथे सकाळचे ९ म्हणजे ठाण्यात संध्याकाळचे साडेसात, मार्चमध्ये इथली घड्याळं पुढे गेली की साडेसहा. आमच्याकडे मुलांना एक वाक्य घरच्या भाषेत म्हणायला देतो, तुमच्या शाळेत देत नसतील तर मोराला विचारून बघा.